अर्धा कॅरेट महाग आणि एक कॅरेट स्वस्त, असं कसं? हिऱ्याची पारख नेमकी कशी होते

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका ताईंनी विचारलंय की मुलाच्या साखरपुड्याला सुनेसाठी हिऱ्याची अंगठी करायचीय. घडियाळी पोळमधल्या एका दुकानात त्यांना एक कॅरेटचा हिरा दाखवला, एफ कलर, व्हीव्हीएस२, आणि अलकापुरीतल्या दुसऱ्या दुकानात अर्ध्या कॅरेटचा, एच कलर, व्हीएस२, आणि हा लहान आणि कागदावर सगळ्या बाजूंनी हलका दिसणारा हिरा त्या मोठ्यापेक्षा जवळपास दुप्पट महाग. कोण फसवतंय, असं त्यांचं म्हणणं. शिवाय सासूबाईंची हिऱ्याची जुनी कुडी घरात आहे, ती मोडून त्यातच नवीन अंगठी करा असं एकजण म्हणतोय, तर द्यावी का.

ताई, बहुतेक कोणीच फसवत नाहीये. तो एक कॅरेटवाला लॅब ग्रोन, म्हणजे मशीनमध्ये बनवलेला, असणार आणि अर्धा कॅरेटवाला नॅचरल, म्हणजे खाणीतला. सर्टिफिकेट परत बघा, वरच मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, लॅबोरेटरी ग्रोन की नॅचरल. मी सुरतेत वराछाला असॉर्टिंगच्या, म्हणजे हिऱ्यांची प्रतवारी करायच्या, टेबलावर बरीच वर्षं काढलीयेत आणि आता इथे बडोद्यात दागिन्यांचं व्हॅल्युएशन करतो, आणि हल्ली माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा गोंधळ हाच असतो की दोन वेगळ्या जातींच्या मालाची किंमत शेजारी ठेवून तुलना करतात. म्हणून आधी हे मिटवू, मग बाकीचं.

लॅब ग्रोन म्हणजे नकली नव्हे, हे पहिलं नीट समजून घ्या. अमेरिकन डायमंड म्हणतात तो क्युबिक झिरकोनिया, तो वेगळा पदार्थ, हिरा नाहीच. मोझोनाइट तोही वेगळा. लॅब ग्रोन मात्र कार्बनच, कठीणपणा तोच, प्रकाश वाकवायची ताकद तीच, फक्त जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर अब्जावधी वर्षांपूर्वी बनण्याऐवजी मशीनमध्ये काही आठवड्यांत बनलेला. एक पद्धत एचपीएचटी, प्रचंड दाब आणि उष्णता, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये जमवलेली. दुसरी सीव्हीडी, ज्यात हिऱ्याचीच पातळ चकती बी म्हणून ठेवतात, बंद चेंबरमध्ये मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हने प्लाझ्मा करतात आणि कार्बन थरावर थर बसत जातो. आपल्या शेजारी सुरतेत अशी मशीनं खूप लागलीत. त्यामुळे दुकानदार पेनासारखा टेस्टर टोचून टीं वाजवून दाखवतो ना, त्यावर लॅब ग्रोनसुद्धा वाजतो, तो टेस्टर उष्णता किती पटकन वाहते एवढंच बघतो, आणि मोझोनाइटसुद्धा त्यातल्या साध्या टेस्टरवर पास होतो. लूपखाली, म्हणजे जवाहिऱ्याच्या भिंगाखाली, बघून कोणी छातीठोकपणे सांगत असेल की हा नॅचरलच आहे तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, ते लॅबच्या मशीनचं काम आहे. नॅचरल हिऱ्यांपैकी बहुतेकांत नायट्रोजनचे अणू एकत्र गोळा झालेले असतात, त्याला फार मोठा काळ लागतो, मशीनमधल्या हिऱ्यात ते तसे नसतात, त्यावरून पकडतात.

आता किंमत. मशीन वाढली की माल वाढतो, खाणीतला माल तसा वाढवता येत नाही, म्हणून गेल्या काही वर्षांत लॅब ग्रोनचा भाव इतका घसरलाय की पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या माणसाला आज तोच साइज त्याच्या बिलाच्या छोट्याशा हिश्श्यात मिळतो, आणि अजून कुठे जाऊन थांबेल ते बाजारात कोणीच ठामपणे बोलत नाही. सुनेला मोठा, चमकदार हिरा हातात दिसावा, परत विकायचा विचारच नाही, तर लॅब ग्रोन खुशाल घ्या, मी माझ्या घरातही नको म्हणणार नाही. पण उद्या अडीअडचणीला उपयोगी पडेल, स्त्रीधन म्हणून राहील, असं मनात धरून घेत असाल तर लॅब ग्रोन त्या कामाचा नाही. खरं सांगायचं तर लहान नॅचरल हिराही त्या कामाचा फारसा नाही, त्यासाठी सोनं.

हे ठरलं की मग फोर सी. कॅरेट, कलर, क्लॅरिटी, कट. ही भाषा अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने रुजवली, १९३१ ची संस्था, आणि डी पासून झेड पर्यंतची कलरची शिडी १९५३ मध्ये आली. त्याआधी प्रत्येक बाजाराचे आपापले शब्द होते. आपल्या बडोद्याच्या गायकवाडांकडे होता तो स्टार ऑफ द साउथ, १९५३ च्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८५३ मध्ये ब्राझीलला सापडलेला, घासून १२८.४८ कॅरेटचा झालेला, तो खंडेराव महाराजांनी घेतला तेव्हा कलर डी की ई हा प्रश्नच कोणाला पडला नसणार. पुढे लॅबने तो तपासला तर रंग फिकट गुलाबीसर तपकिरी आणि क्लॅरिटी व्हीएस२ निघाली. म्हणजे ताई, तुम्हाला अलकापुरीत जी क्लॅरिटी हलकी वाटली तीच. मोठ्या आणि दुर्मिळ मालाचा हिशेबच वेगळा असतो हे खरं, पण ग्रेडच्या अक्षराला घाबरायचं नाही हे यातून घ्या.

माझं सगळ्यात ठाम मत कटबद्दल आहे आणि लोक सगळ्यात कमी विचारतात तेही कटबद्दलच. आपल्याकडे दुकानात गेलं की ईएफ व्हीव्हीएस, ईएफ व्हीव्हीएस हा एकच जप चालतो, गिऱ्हाईकही तेच पाठ करून येतं, आणि या दोन्ही गोष्टी बोटात घातलेल्या अंगठीत साध्या डोळ्याला दिसत नाहीत. दिसते ती चमक, आणि चमक जवळपास सगळी कटवर असते. कट म्हणजे आकार नव्हे हां, गोल, ओव्हल, पेअर हे आकार. कट म्हणजे पैलूंचे कोन आणि प्रमाणं. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश पैलूवर साधारण साडेचोवीस अंशांपेक्षा तिरका आदळला तर बाहेर न जाता आतच परततो. खालचे पैलू बरोबर कोनात असले तर प्रकाश वरून आत जातो, दोन वेळा आपटतो आणि वरूनच तुमच्या डोळ्यात येतो. कोन चुकला, हिरा उथळ झाला तर प्रकाश खालून गळतो आणि टेबलच्या, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूच्या, आत कडेची राखाडी रिंग दिसायला लागते, त्याला फिशआय म्हणतात. फार खोल झाला तर मध्यभागी काळा ठिपका पडल्यासारखं दिसतं, ते नेलहेड. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्कीने याचं गणित मांडलं, टेबल ५३ टक्के, वरचा कोन ३४.५, खालचा ४०.७५. आज लोक टेबल थोडं मोठं ठेवतात पण कोन अजून त्याच्याच आसपास फिरतात. गोल हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर चित्र असतं त्यात बघा, टेबल ५४ ते ५८, एकूण डेप्थ साठ ते साडेबासष्टच्या मध्ये, वरचा कोन ३४ ते ३५, खालचा ४०.६ ते ४१. एवढं जमलं असेल तर तो हिरा सहसा निराश करत नाही.

मग सगळेच तसं का घासत नाहीत? कारण वजन. रफ, म्हणजे कच्चा हिरा, घासून गोल हिरा काढताना निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच माल उडून जातो, आणि पैसे मिळतात कॅरेटवर. समजा नीट कोनात घासला तर ९२ सेंट भरतो (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट) आणि कमरपट्टा, म्हणजे हिऱ्याची मधली कड, जरा जाड ठेवून, खाली जरा खोल ठेवून घासला तर पूर्ण एक कॅरेट भरतो, तर कारखानदार एक कॅरेटच काढणार, त्यात त्याची काही लबाडी नाही, बाजार एक कॅरेटला जास्त पैसे देतो. पण तुम्ही घेताना काय होतं, वजन सगळं पोटात लपलेलं, वरून हिरा लहान दिसतो. म्हणून सर्टिफिकेटवरचे मिलिमीटर वाचा. नीट घासलेला एक कॅरेटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असतो, अर्ध्या कॅरेटचा पाच पॉइंट एक-दोन. एक कॅरेट म्हणून ६.२ मिलिमीटरचा दाखवत असतील तर तुम्ही नव्वद सेंटचं दिसणं घेताय आणि पैसे शंभराचे देताय. सर्टिफिकेटवर कट, पॉलिश, सिमेट्री तिन्हींना एक्सलंट असेल तर बाजारात त्याला ट्रिपल एक्स म्हणतात, गोल हिऱ्यात शक्यतो तोच घ्या आणि पैसे वाचवायच्या नादात हे सोडू नका. ओव्हल, पेअर, कुशनला जीआयए असा कटचा ग्रेड देत नाही, तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं, ओव्हलच्या मध्ये आडवी काळी सावली पडते का ते हात हलवून बघा.

कलरचं असं आहे की डी म्हणजे रंगहीन आणि खाली जाऊ तसा पिवळटपणा वाढतो, तोही नायट्रोजनमुळेच. लॅबमध्ये हिरा उलटा ठेवून, पांढऱ्या ट्रेवर, मास्टर स्टोनच्या, म्हणजे कलर ठरलेल्या नमुन्याच्या हिऱ्यांच्या, शेजारी धरून कलर ठरवतात. उलटा का, तर सुलटा असला की चमकच इतकी असते की हलका रंग कळतच नाही. आता तुम्ही अंगठीत तो उलटा घालणार आहात का, नाही ना. १८ कॅरेट पिवळ्या सोन्यात आय किंवा जे कलरसुद्धा पांढरा दिसतो कारण सोन्याचाच रंग त्यात उतरतो. व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम असेल तर जी, एच पर्यंत रहा. तुमचा एच कलरचा हिरा कुठल्याही धातूत छान आहे. दुकानातल्या लाइटखाली मात्र कलर बघू नका, तिथे सगळंच पांढरं आणि सगळंच चमकतं. दरवाज्यापाशी सावलीत घेऊन या, थेट उन्हात नाही, एखादा पांढरा कागद घडी घालून त्यात ठेवून बाजूने बघा.

सुरतेत आम्ही माल बघताना कलरच्या अक्षराआधी अजून एक गोष्ट विचारतो, बीजीएम आहे का. ब्राउन, ग्रीन, मिल्की. म्हणजे हिऱ्यात तपकिरी किंवा हिरवट झाक आहे का, किंवा दूध कालवल्यासारखा धुरकटपणा आहे का. हे अक्षरांच्या शिडीत नीट पकडलं जात नाही, दोन जी व्हीएस१ हिरे कागदावर सारखे आणि एक शेजाऱ्यापेक्षा झोपलेला दिसतो, भावातही तो चांगलाच खाली जातो. ऑनलाइन किंवा दुकानात कोणी म्हणालं की त्याच ग्रेडचा आमच्याकडे पंधरा-वीस टक्के स्वस्त आहे, तर पहिला प्रश्न हाच विचारा, नो बीजीएम आहे का, आणि बिलावर लिहून द्याल का.

क्लॅरिटी दहा पट मोठं करून बघतात. फ्लॉलेस, मग आयएफ, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि शेवटी आय. मी स्वतः घरच्यांसाठी व्हीएस२ च्या वर कधी जात नाही, एसआय१ सुद्धा डोळ्याला स्वच्छ असला तर घेतो, त्याला आय क्लीन म्हणतात, इथे आय म्हणजे डोळा. ग्रेडपेक्षा डाग कुठे आहे आणि कसला आहे ते महत्त्वाचं. टेबलच्या बरोबर खाली काळा ठिपका असेल तर तो सगळ्या पैलूंत परावर्तित होऊन अनेक ठिकाणी दिसतो, तोच कडेला असेल तर सोनार त्यावर पंजा, म्हणजे हिरा धरून ठेवणारी सोन्याची नखी, बसवतो आणि विषय संपला. पांढरा डाग त्यामानाने लपतो. एक गोष्ट मात्र जपा, कडेपर्यंत आलेली चीर, फेदर म्हणतात तिला, ती मोठी असेल तर नको, कारण हिरा ओरखड्याला कठीण असला तरी ठराविक दिशांनी तो फुटतो, ओट्यावर जोरात आपटला तर कडेचा कपचा उडू शकतो.

कॅरेटचं थोडक्यात. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, शंभर सेंट, आणि सोन्याच्या १८, २२ कॅरेटशी याचा काही संबंध नाही. भाव सरळ वजनाच्या पटीत वाढत नाही, प्रति कॅरेट दरच वरच्या साइजला वाढतो, आणि ५० सेंट, ७० सेंट, एक कॅरेट, दीड, दोन अशा ठिकाणी उडी मारतो. म्हणून ४७-४८ सेंट किंवा ९५-९६ सेंटचा ट्रिपल एक्स मिळाला तर सोडू नका, डोळ्याला फरक दिसत नाही, खिशाला दिसतो. नॅचरल मालाचा घाऊक बाजार रॅपापोर्टच्या भावपत्रकावर चालतो, १९७८ पासून निघतं ते, आणि प्रत्यक्ष सौदा रॅपपेक्षा इतके टक्के मायनस असा होतो. दुकानदार रॅपचा आकडा दाखवून बघा आम्ही त्यापेक्षा कमी देतोय असं म्हणाला तर लगेच खूश होऊ नका, बहुतेक सगळा माल त्यापेक्षा कमीच विकला जातो, प्रश्न किती कमी हा असतो.

फ्लोरोसन्सही कागदावर असतं. अल्ट्राव्हायोलेटखाली साधारण पाव ते एकतृतीयांश हिरे थोडेफार चमकतात, बहुतेक निळे. फेंट, मीडियम असेल तर घाबरायचं कारण नाही, आय-जे कलरच्या हिऱ्याला तर निळं फ्लोरोसन्स जरा गोरं करतं आणि भावही कमी लागतो. स्ट्राँग असेल तर उन्हात नेऊन बघा, धुरकट दिसत नसेल तर तो स्वस्तात मिळालेला चांगला हिरा आहे.

आता सासूबाईंची कुडी. ती घाईने मोडायला देऊ नका, ताई. जुन्या दागिन्यात हिरे बहुतेक रोजकट किंवा जुन्या हातकटचे असतात, आणि पुष्कळदा मागून बंद बैठकीत, खाली पत्रा किंवा वर्ख लावून बसवलेले. अशा बैठकीत कलर, क्लॅरिटी कोणालाच नीट सांगता येत नाही, वजनही अंदाजाने. काउंटरवर दोन मिनिटं बघून यात काही दम नाही म्हणणाऱ्याला फक्त सोनं हवंय असं समजा. हिरे मोकळे करून, तुमच्यासमोर मोजून, वजन करून, मगच बोलणं. आणि मोकळे करायलाही माहितगार कारागीर हवा, कारण हिरा कार्बन आहे, उघड्या हवेत जास्त तापला तर वरून जळून पांढुरका होतो, कारागीर टॉर्च लावायच्या आधी बोरिकचा लेप देतात ते याचसाठी. जुने हिरे नव्या पद्धतीने परत घासून घ्या असाही सल्ला मिळेल, त्यात वजन बरंच जातं आणि लहान खड्यांत मजुरीही निघत नाही. माझा सल्ला, बैठक सैल झाली असेल तर तेवढी दुरुस्त करा आणि कुडी कुडीच राहू द्या. त्या हातकटची मेणबत्तीच्या किंवा दिव्याच्या उजेडात जी मऊ, मोठ्या तुकड्यांत पडणारी झळाळी असते ती आजच्या ५७-५८ पैलूंच्या हिऱ्याला येत नाही, दोन्ही शेजारी ठेवून बघा एकदा दिवाळीत.

सर्टिफिकेटबद्दल, दुकानाचं स्वतःचं ऑथेंटिसिटी कार्ड म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. दुकानाशी संबंध नसलेल्या लॅबचा रिपोर्ट हवा, त्याचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून स्वतः बघा. त्यावर ट्रीटमेंटचा उल्लेख आहे का तेही वाचा, लेझरने भोक पाडून काळा डाग घालवलेला असू शकतो किंवा चीर काचेसारख्या पदार्थाने भरलेली असू शकते, आणि भरलेला हिरा दुरुस्तीच्या उष्णतेत बिघडतो. हॉलमार्क आणि एचयूआयडी हे सोन्याच्या शुद्धतेचं आहे, हिऱ्याबद्दल ते काहीच सांगत नाही, हा गैरसमज फार आहे. अजून एक, मधल्या मोठ्या हिऱ्याचा रिपोर्ट असतो पण भोवतीचे बारीक खडे, ज्यांना मेले म्हणतात, त्यांचा बहुतेक वेळा नसतो, आणि बारीक मालातच लॅब ग्रोन मिसळायची जास्त भीती. नॅचरलचे पैसे देत असाल तर भोवतीचे खडेही नॅचरल, मशीनवर स्क्रीन केलेले, असं बिलावर लिहून घ्या.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, हिऱ्यांचं वजन कॅरेटमध्ये वेगळं, प्रति कॅरेट दर वेगळा, घडणावळ वेगळी, त्यावर ३ टक्के जीएसटी. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, हे ध्यानात ठेवून एकूण वजनातून हिऱ्यांचं वजन वजा केलंय का ते तिथेच बघा, नाहीतर खड्याचे पैसे सोन्याच्या भावात पुन्हा भरता. परत घेण्याची अट तोंडी नको, एक्स्चेंजला किती टक्के, रोख हवे असतील तर किती टक्के, आणि हे टक्के बिलाच्या दरावर की त्या दिवशीच्या दरावर, तिन्ही लिहून घ्या. लॅब ग्रोनला बरीच दुकानं रोख परत देतच नाहीत, तसं असेल तर तेही आधीच विचारा.

अंगठी ताब्यात घ्यायच्या दिवशी लूप मागा, कोणतंही बरं दुकान देतं. हिऱ्याच्या कमरपट्ट्यावर लेझरने रिपोर्ट नंबर बहुतेकदा कोरलेला असतो, तो कारागिराकडून बसवून आल्यावर परत वाचा, बसवायच्या आधी वाचलेला पुरेसा नाही. पंजे चारही नीट बसलेत का ते कापसाच्या बोळ्याने बघा, धागा अडकला तर पंजा उचललेला आहे. आणि घरी गेल्यावर हिऱ्याला चिकटपणा फार पटकन धरतो, त्यामुळे कणीक मळताना काढून ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने मागच्या बाजूने धुवा, बेसिनची जाळी लावून.